बंद खिडकीने केलेला घोटाळा
स्वयंसेवक म्हणून परदेशात गेले ती ऐन हिवाळ्यात. यजमानांनी दिलेली खोली छान होती, पण पंधरा दिवसांत खिडकीची काच पाझरू लागली आणि कपाटामागे काळी बुरशी धरली. मला वाटलं, भिंतच गळतेय. दोष माझाच निघाला: थंडीच्या धास्तीने खिडकी कायम बंद, वर ओले कपडे हीटरवर! ती वाफ गार काचेवर जाऊन पाणी व्हायची.

लाजत लाजत यजमानीण काकूंना भिंत दाखवली. रागावल्या नाहीत, उलट हसल्या. आता सकाळ-संध्याकाळ हीटर बंद करून खिडकी सताड उघडते, फक्त 5 ते 10 मिनिटं. तेवढ्यात दमट हवा बाहेर जाते, पण भिंती गारठत नाहीत. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं. आर्द्रता 75 टक्क्यांवरून 50 वर आली. कपडे वाळवायला काकूंनी बॉयलरजवळची दोरी दिली, तीही न मागता.