जुन्या नाशकात शनिवार-रविवार

मुक्काम पंचवटीत किंवा रविवार कारंज्याजवळ करा. नाशिकरोड स्टेशनजवळ उतरलात तर जुनं गाव तिथून नऊ-दहा किलोमीटरवर पडतं आणि निम्मा वेळ रिक्षात जातो. गाडी मुक्कामीच ठेवा. सराफ बाजार नि भांडी बाजाराच्या बोळांत ती अडकतेच.

शनिवारी उन्हं चढायच्या आत रामकुंड, मग काळाराम. घाटावरच्या नारोशंकराच्या देवळाची घंटा नीट बघा, तिच्यावर 1721 साल कोरलंय. पावसाळ्यात जात असाल तर आधी नदीपात्रातला दुतोंड्या मारुतीचा उंच पुतळा पाहा. पाणी त्याच्या कमरेला लागलं असेल तर घाटाकडे फिरकूही नका.

तांब्या-पितळेची खरेदी घाईत करू नये. भांडं वजनावर मिळतं, म्हणून दर किलोचा विचारा आणि समोर तोलून घ्या. खिशात लहान लोहचुंबक असू द्या: चिकटला तर आत लोखंड, वर नुसता मुलामा. तळ आणि सांध्यावरून बोट फिरवा, पाणी भरून थोडा वेळ ठेवायला सांगा. पितळेचं पातेलं स्वयंपाकासाठी हवं असेल तर कल्हई करूनच न्या, नाहीतर आमटी-ताक कळकतं.

गोदाकाठचा मोठा आठवडे बाजार बुधवारी भरतो, शनिवार-रविवारी तो शोधू नका.

रविवारी सकाळी मिसळ खाऊन पांडवलेणी. चोवीस लेणी आहेत. वेळ कमी असेल तर तिसरं, दहावं आणि अठरावं चुकवू नका. पायऱ्या बऱ्याच आहेत, पाण्याची बाटली खालूनच घ्या.