लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासात काय खावे

२०० किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीसाठी, साडेतेरा तासांची मुदत असते, आणि शरीरात साठलेले ग्लायकोजेन, म्हणजे स्नायू व यकृतातील साखरेचा साठा, एवढा वेळ मुळीच पुरत नाही. म्हणून भूक लागण्याची वाट न पाहता पहिल्या अर्ध्यापाऊण तासातच खायला सुरुवात करावी आणि दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे पाहावे. एका मध्यम केळ्यातून सुमारे २५ ग्रॅम मिळतात. त्याच्या जोडीला दोन-तीन खजूर खाल्ले, तर तासाची सोय होते. शेंगदाण्याच्या चिक्कीपेक्षा राजगिऱ्याची वडी मला अधिक योग्य वाटते, कारण दाण्यांतील स्निग्धांश पचायला वेळ लागतो. याच कारणाने पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटापूर्वी वडापाव किंवा तर्रीदार मिसळ कृपया टाळावी. चढावर रक्तपुरवठा पायांकडे वळतो, पचन मंदावते आणि मळमळ सुरू होते. दुपारी गोडाचा कंटाळा येतो, तेव्हा मीठ लावलेला उकडलेला बटाटा किंवा दहीभात उत्तम.

घामावाटे सोडियमही जाते, त्यामुळे नुसते पाणी पीत राहणे धोक्याचे ठरू शकते. एका बाटलीत साधे पाणी ठेवावे आणि दुसरीत ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या प्रमाणातच विरघळवावी. नवा पदार्थ मात्र आधी सरावाच्या फेरीत खाऊन पाहावा. मधुमेह किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.