ट्रेनिंगच्या उड्डाणात गेलेल्या हवाई सैनिकाची माहिती कशी शोधायची

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये ट्रेनिंग घेताना विमान पडून गेलेल्या कुणाचा तरी शोध घेताय आणि हातात फक्त नाव नि तारीख आहे, तर आधी एक लक्षात घ्या, तो लढाईत गेला नाही म्हणून त्याची नोंदच नसेल असं अजिबात नाही. नोंद असते, लोक ती चुकीच्या ठिकाणी बघतात एवढंच. एकट्या बॉम्बर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या (आरएएफ) बॉम्बफेकी विमानांच्या विभागाचे, ५५,५७३ जण गेले, त्यातले ८ हजारांच्या वर अपघातांत.

सुरुवात कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे युद्धातल्या कबरींची देखभाल करणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवरून करा, फुकट आहे. तिथं नावापुढे स्क्वाड्रन दिसली नाही, नुसतं ओटीयू लिहिलेलं असलं, तर तो ऑपरेशनल ट्रेनिंग युनिटमध्ये, म्हणजे लढाऊ स्क्वाड्रनला जाण्याआधीच्या ट्रेनिंगच्या तुकडीत होता, आणि रँक लीडिंग एअरक्राफ्टमन असून पुढे यू/टी (अंडर ट्रेनिंग) पायलट असेल तर तो अजून विंग्जही, म्हणजे वैमानिकाचा बिल्लाही, न मिळालेला शिकाऊ होता. सर्व्हिस नंबर लिहून घ्या, नावं सारखी निघतात, नंबर निघत नाही.

कबरीचा फोटो मिळाला तर नीट बघा, घाई करू नका. वर आरएएफचं गरुडाचं चिन्ह (कॅनेडियन असेल तर मेपलचं पान), खाली नंबर, रँक, नाव, काम, तारीख, वय, आणि अगदी तळाशी घरच्यांनी निवडलेली ओळ. शेजारचे दोन-तीन दगड एकमेकांना चिकटून उभे असतील आणि सगळ्यांवर तारीख एकच असेल, तर तो बहुतेक एकाच विमानाचा क्रू असतो, ज्यांचे अवशेष वेगळे करता आले नाहीत आणि म्हणून सगळ्यांना एकत्र पुरलंय. स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनच्या दफनभूमीत जवळच्या वेल्सबर्नच्या २२ ओटीयूमधली अशी बरीच कॅनेडियन पोरं आहेत, वयं वाचली तरी पोटात कालवतं.

अपघात ब्रिटनच्या जमिनीवर झाला असेल तर मृत्यूची नोंद स्थानिक रजिस्टरलाही झालेली असते. डेथ सर्टिफिकेट मागवा, त्यात बऱ्याचदा जागा सापडते, कारण युद्धातल्या पेपरांत सेन्सॉरमुळे गावाचं नाव बहुधा मिळत नाही.

आता मुख्य काम. लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये स्क्वाड्रनच्या डायऱ्या एअर २७ नावाच्या कागदपत्रांच्या संचात आहेत, पण ओटीयूच्या एअर २९ मध्ये आणि विमानतळाच्या एअर २८ मध्ये, हे माहीत नसल्याने लोक एअर २७ चाळून हात हलवत परत येतात. डायरीत दोन-तीन ओळीच मिळतील, वेलिंग्टन (बॉम्बफेकी विमान) अमुक नंबर, रात्रीच्या क्रॉस कंट्रीवरून, म्हणजे लांबच्या सरावाच्या उड्डाणावरून, परत आलं नाही, संपलं. आदल्या दिवशीचं पानही बघाच, कारण विमान रात्री दहाला उडालं आणि दोनला पडलं तर उड्डाणाची नोंद आदल्या तारखेला आणि दगडावर दुसरीच तारीख असं होतं. विमानाचा सिरियल नंबर मिळाला की तो जपा, पुढचे सगळे धागे त्यालाच बांधलेले आहेत.

मग हेंडनच्या आरएएफ म्युझियमकडे फॉर्म ११८० म्हणजे अपघाताचं कार्ड मागा, त्यासाठी विमानाचा प्रकार आणि तारीख लागते. छोटं कार्ड, खचाखच भरलेलं, निम्मं शॉर्ट फॉर्ममध्ये. त्यावर वैमानिकाचे एकूण तास आणि त्या प्रकारच्या विमानावरचे तास असतात आणि कारणही असतं. इथं माझं कळकळीचं सांगणं आहे, वैमानिकाची चूक असं लिहिलेलं दिसलं तर तेवढंच घरच्यांना कळवून मोकळे होऊ नका. आधी तास बघा, हवामान बघा. ओटीयूत बरीच विमानं स्क्वाड्रनने वापरून झालेली असायची, क्रू नुकताच जमलेला, खाली सगळीकडे ब्लॅकआउट, वाऱ्याचा अंदाज चुकला की तासाभरात विमान कितीतरी मैल बाजूला जायचं, आणि आपण कुठे आहोत हे बघायला ढगाखाली उतरावं तर समोर वेल्सचा नाहीतर पेनाइन्सचा डोंगर. वीस वर्षांच्या पोराच्या नावापुढे एक शब्द लिहिला म्हणजे ती रात्र कळली असं होत नाही.

तो कॅनेडियन असेल तर लायब्ररी अँड अर्काइव्हज कॅनडाची सर्व्हिस फाइल बघा, ऑस्ट्रेलियन असेल तर तिथल्या नॅशनल अर्काइव्हजची ए७०५ सिरीज. या फाइलींमध्ये आईवडिलांची पत्रंही सापडतात, म्हणून एकट्याने रात्री वाचायला बसू नका.

शेवटी जागेवर जायचं असेल तर जमिनीच्या मालकाला विचारून जा. लष्करी विमानांचे अवशेष १९८६ च्या कायद्याने संरक्षित आहेत, परवान्याशिवाय खोदणं किंवा एखादा तुकडा उचलणंही गुन्हा आहे. फोटो काढा, ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरचे जागेचे आकडे, लिहून ठेवा, अॅल्युमिनियमचा तुकडा गवतात जिथं आहे तिथंच राहू द्या.