थायलंडमध्ये राहताय? मग कागदांच्या या चुका टाळा

थायलंडमध्ये नोकरीला आलेल्या मराठी माणसाला पहिल्या वर्षी जो मनस्ताप होतो, तो बहुतेक वेळा कागदांमुळे. उकाड्याची आपल्याला सवय असते, जेवणाचं काही ना काही जमून जातं, आणि इथली माणसं मुळात सौजन्याने वागतात. मुंबईहून विमान चार-साडेचार तासांत बँकॉकला पोहोचतं, त्यामुळे आपण दुसऱ्या देशाच्या कायद्याखाली आलोय हे मनावर ठसतच नाही. मग "ते सगळं एचआर बघतं" म्हणत पासपोर्ट कपाटात जातो. पण एचआर असो, एजंट असो की घरमालक, त्यांनी केलेल्या दिरंगाईचा जाब इमिग्रेशनच्या काउंटरवर तुम्हालाच विचारला जातो. म्हणून आपल्या तारखा आपल्याला पाठ हव्यात.

मुदतवाढ आहे, म्हणजे बाहेर जाऊन परत येता येईल असं नाही

नोकरीसाठी नॉन-इमिग्रंट बी व्हिसावर आलात की विमानतळावर ९० दिवसांचा शिक्का मिळतो. पुढे इमिग्रेशन कचेरीत टीएम ७ हा अर्ज आणि १,९०० बाट भरून सहसा वर्षभराची मुदतवाढ मिळते. ही मुदतवाढ देशात राहण्यापुरती असते. री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा परवाना, न काढता तुम्ही देशाबाहेर पाऊल टाकलंत की ती तिथेच संपते.

होतं असं: गणपतीला आठ दिवस घरी जायचं ठरतं, तिकीट स्वस्तात मिळतं, बॅग भरली जाते. परत येताना सुवर्णभूमी विमानतळावरचा अधिकारी पासपोर्ट चाळतो, री-एंट्री दिसत नाही, म्हणून पर्यटकाचा शिक्का मारून देतो. आपण शिक्का न वाचताच बॅगा घ्यायला धावतो. नंतर कधीतरी एखाद्या कामासाठी इमिग्रेशनमध्ये गेल्यावर कळतं की वर्षभराची मुदतवाढ केव्हाच गेली, वर्क परमिट धोक्यात आहे आणि व्हिसाची प्रक्रिया पहिल्यापासून करायची आहे. एकदाच जाऊन येण्याचं परमिट १,००० बाटचं, आणि मुदत संपेपर्यंत कितीही वेळा ये-जा करण्याचं ३,८०० बाटचं. घरी म्हातारे आईवडील असतील तर ३,८०० वालंच काढा. रात्री फोन आला आणि पहाटेच्या विमानाने निघायची वेळ आली, तर हा एक घोर तरी नको. मोठ्या विमानतळांवर निघताना पासपोर्ट तपासणीआधी हे परमिट काढता येतं, पण घाईत तो काउंटर शोधत फिरण्यापेक्षा आधी काढलेलं बरं.

परत आल्यावर काउंटरवरून हलण्याआधी शिक्क्यावरची तारीख वाचा. ती तुमच्या मुदतवाढीच्या तारखेशी जुळली पाहिजे. चूक दिसली तर तिथल्या तिथे सांगा, जागेवर दुरुस्त होते. बाहेर पडल्यावर तेच काम फार जड जातं.

आणखी एक. १ मे २०२५ पासून कागदी टीएम ६ कार्डाऐवजी डिजिटल अरायव्हल कार्ड आलं आहे. ते फक्त पर्यटकांसाठी आहे असा अनेकांचा समज असतो. वर्क परमिट असलेल्यालाही प्रत्येक वेळी परत येताना, येण्याआधीच्या ३ दिवसांत ते भरावं लागतं. ते मोफत आहे. पैसे मागणारी साइट उघडली असेल तर ती बंद करा आणि थाई इमिग्रेशनची सरकारी साइट शोधा.

नव्वद दिवसांची नोंद आणि टीएम ३०

या दोन गोष्टींची गल्लत जवळपास प्रत्येक नवा माणूस करतो.

सलग ९० दिवस देशात राहिलात की "मी या पत्त्यावर राहतो" अशी नोंद टीएम ४७ या अर्जाने करायची असते. त्यासाठी ठरल्या तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत सवड असते. चुकली तर २,००० बाट दंड. देशाबाहेर जाऊन आलात की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, त्यामुळे पासपोर्टला लावलेल्या चिठ्ठीवरची पुढच्या नोंदीची जुनी तारीख तेव्हा निरुपयोगी ठरते. पहिली नोंद बहुधा स्वतः जाऊन करावी लागते, पुढच्या ऑनलाइन होतात. ऑनलाइन अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवू नका. नाकारला गेला तर कचेरीत जायला दिवस हाताशी हवेत. आणि या नोंदीने मुक्काम एका दिवसानेही वाढत नाही. "नव्वद दिवसांचं केलंय ना, मग व्हिसा चालू आहे" हा समज काढून टाका.

टीएम ३० ची जबाबदारी कायद्याने घरमालकावर आहे: परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत कळवायचं. मालकाने कळवलं नाही तर दंड त्याला, पण मुदतवाढीच्या वेळी काम अडतं तुमचं. कितीतरी मालकांना हा नियमच ठाऊक नसतो, काहींना भाड्याचं उत्पन्न उघड करायचं नसतं. म्हणून करारावर सही करण्याआधी विचारा: टीएम ३० कोण करणार आणि पावती कधी मिळणार? उत्तर टाळणाऱ्याचं घर कितीही छान असलं तरी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पावतीचा फोटो फोनमध्ये ठेवा. प्रवासाहून परतल्यावर पुन्हा नोंद लागते का, याबाबत प्रत्येक कचेरीची रीत थोडी वेगळी असते. आपल्या भागातल्या कचेरीतच विचारावं.

नोकरी सुटली, तारीख मात्र पुढच्या वर्षीची दिसते

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. शिक्क्यावर पुढच्या मार्चची तारीख असते, म्हणून नोकरी सोडल्यावर माणूस निवांत नवी शोधू लागतो. प्रत्यक्षात नोकरीच्या आधारावर मिळालेली मुदतवाढ नोकरीच्या शेवटच्या दिवशीच संपते. दुसऱ्या दिवसापासून ओव्हरस्टे, म्हणजे मुदत संपल्यावरचा बेकायदा मुक्काम, सुरू. तुमच्या आधारावर राहणारी बायको किंवा नवरा आणि मुलं, त्यांचाही.

म्हणून राजीनाम्याची तारीख ठरवताना एचआरकडून लेखी घ्या: शेवटचा दिवस कोणता, आणि इमिग्रेशन व कामगार खात्याला कंपनी कधी कळवणार. त्या शेवटच्या दिवशी कंपनीचं पत्र घेऊन इमिग्रेशनला गेलात तर १,९०० बाट भरून सहसा ७ दिवसांची सवड मिळते. नवी नोकरी ठरली असेल तर नव्या कंपनीचे कागद त्याआधीच तयार हवेत. मुलांची शाळा मध्यावर असेल तर हे सगळं महिनाभर आधी मांडून बसा.

ओव्हरस्टेचा दंड दिवसाला ५०० बाट, जास्तीत जास्त २०,०००. पण पैशांपेक्षा बंदी वाईट. मार्च २०१६ पासूनच्या नियमांनुसार ९० दिवसांहून जास्त राहून स्वतःहून बाहेर पडलात तर १ वर्ष प्रवेशबंदी, वर्षाहून जास्त राहिलात तर ३ वर्षं. स्वतःहून न जाता पकडले गेलात तर थोड्या दिवसांच्या ओव्हरस्टेलाही ५ वर्षं. म्हणजे तारीख उलटल्याचं लक्षात आलं की लपून राहण्याइतकं घातक दुसरं काही नाही.

आपली तीन नावं आणि थाई वर्ष

आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तीन नावं. पासपोर्टवर मधलं नाव बहुधा पहिल्या नावाच्या रकान्यात जोडलेलं असतं. इथल्या फॉर्मवर मधल्या नावाचा वेगळा रकाना दिसला की काहीजण तिथे ते भरतात, काहीजण गाळतात. मग बँकेत एक नाव, वर्क परमिटवर दुसरं, विमान तिकिटावर तिसरं. पासपोर्टच्या ज्या रकान्यात जे आहे, अगदी तसंच सगळीकडे लिहा. थाई लिपीतल्या नावाचंही तेच: पहिल्या कागदावर जे स्पेलिंग झालं त्याचा फोटो काढून ठेवा आणि पुढे बँक, लायसन्स, शाळा, सगळीकडे तेच दाखवा. अनुवाद करणारा प्रत्येक माणूस "ज्ञानेश्वर" वेगळ्या तऱ्हेने लिहितो.

विवाहित बायकांना हे जास्त नडतं. लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि दाखला जुना असेल तर फक्त मराठीत. कुटुंबाचा व्हिसा काढताना हा दाखला इंग्रजीत आणि प्रमाणित करून लागतो: सहसा आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग थाई वकिलात. हे भारतातून निघण्याआधी उरकून घ्या. बँकॉकमध्ये बसून गावाकडच्या भावाला मंत्रालयात हेलपाटे घालायला लावणं दोघांनाही जड जातं.

आणि वर्ष. थाई कागदांवर बौद्ध वर्ष असतं, ते इसवी सनाच्या ५४३ पुढे. २५६९ म्हणजे २०२६. घरभाड्याचा करार, विम्याची पॉलिसी, औषधाच्या बाटलीवरची मुदत, सगळीकडे हे बघावं लागतं, त्यातून कधी फक्त शेवटचे दोन आकडे छापलेले असतात.

परमिटवर जे काम आहे तेवढंच

वर्क परमिट त्या मालकाचं आणि त्या कामाचं असतं. शनिवार-रविवारी मित्राच्या रेस्टॉरंटमध्ये हात लावणं, पाहुण्यांना पैसे घेऊन बँकॉक दाखवणं हे त्यात बसत नाही. गाइड, केस कापणं, रस्त्यावर विक्री, हिरे-रत्नांना पैलू पाडणं ही कामं तर परदेशी माणसांना बंदच आहेत. बँकॉकच्या सिलोम भागातल्या रत्नबाजारात काम मिळतंय असं कुणी सांगितलं तर नेमकं काय करायचं आहे ते आधी विचारा.

भारतीयांना नोव्हेंबर २०२३ पासून पर्यटनासाठी व्हिसाशिवाय प्रवेश मिळू लागला, दिवसांची मर्यादा नंतर बदलली. निघताना ताजा नियम बघा, पण एक गोष्ट बदललेली नाही: त्या शिक्क्यावर नोकरी करता येत नाही. "आधी टुरिस्ट म्हणून या, मग बघू" म्हणणाऱ्या एजंटपासून दूर राहा. "डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह" अशा पदांच्या जाहिरातींबद्दल भारत सरकारने २०२२ मध्येच इशारा दिला होता. थायलंडच्या नावाने बोलावून माए सोत गावाजवळून मोए नदीपलीकडे म्यानमारच्या म्यावाडीत नेलं जातं आणि तिथे ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं जातं. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा ५४९ भारतीयांना परत आणलं. गावातल्या एखाद्या मुलाला अशी ऑफर आली असेल तर हा मजकूर त्याच्या आईवडिलांना वाचून दाखवा. घ्यायला आलेली गाडी बँकॉक सोडून पश्चिमेला सरहद्दीकडे निघाली, तर वाटेतल्या पेट्रोलपंपावर उतरून १९१ ला फोन करायचा, एवढं त्याला पाठ करून द्या.

याच्याच जोडीने: "मी तुला जीपे करतो, तू तिकडे बाट दे" असं म्हणणाऱ्या ओळखीच्याच्या ओळखीच्याला आपलं थाई खातं वापरू देऊ नका. स्वतःचं खातं दुसऱ्याच्या गैरवापरासाठी देणाऱ्याला २०२३ च्या कायद्याने ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

बॅगेत काय, बोलण्यात काय

व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, आणू नका, वापरू नका. आयात आणि विक्री दोन्ही बंद आहेत. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलाम ही औषधं इथे नियंत्रित आहेत. रोज घ्यावी लागत असतील तर थाई अन्न व औषध प्रशासनाचे नियम पाहून, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणा. गांजा जून २०२२ मध्ये अमली पदार्थांच्या यादीतून निघाला, पण जून २०२५ पासून त्याच्या फुलांना डॉक्टरांची चिठ्ठी लागते. आणि भारतात तो गुन्हाच आहे. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या सामानात मुंबई विमानतळावर कस्टम्सला हायड्रोपॉनिक (मातीविना वाढवलेला) गांजा वारंवार सापडतो, म्हणून सुट्टीला जाताना कुणाचंही बंद पाकीट "घरी द्यायला" घेऊ नका.

राजघराण्याबद्दल वावगं बोलणं, लिहिणं, शेअर करणं थाई दंडसंहितेच्या कलम ११२ खाली येतं: प्रत्येक आरोपाला ३ ते १५ वर्षं. अब्रुनुकसानीसाठीही इथे तुरुंगवास आहे. २०२० मध्ये हॉटेलबद्दल वाईट रिव्ह्यू लिहिणाऱ्या एका अमेरिकन माणसाला अटक झाली होती. डिपॉझिट बुडवणाऱ्या घरमालकावर रागाच्या भरात फेसबुकवर लिहिण्याऐवजी ग्राहक संरक्षण मंडळाकडे तक्रार करा. त्याहून आधीचा उपाय म्हणजे घराचा ताबा घेतानाच भिंती, एसी, गादी, मीटर यांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला पाठवणं. विजेचा दरही तेव्हाच विचारा. बिल थेट सरकारी वीज कंपनीचं येणार की इमारतवाले स्वतःचा चढा दर लावणार, यावर महिन्याचा खर्च बराच हलतो.

दुचाकी भाड्याने घेताना पासपोर्ट तारण म्हणून देऊ नका. आणि भारतातल्या कारच्या लायसन्सवर इथे स्कूटर चालवू नका. दुचाकीचं वैध लायसन्स नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते, आणि खासगी हॉस्पिटलचं बिल मग घरच्यांना भरावं लागतं.

काही अडलंच तर इमिग्रेशनची हेल्पलाइन ११७८, टुरिस्ट पोलीस ११५५, अ‍ॅम्ब्युलन्स १६६९. काउंटरवर जाताना पासपोर्टच्या सगळ्या शिक्क्यांच्या झेरॉक्स सही करून न्या, आणि सकाळीच जा; बारा वाजता जेवणाची सुट्टी होते.