एमपॉक्स: एकच टॉवेल, लपवलेले पुरळ आणि अर्धवट लस, या चुका टाळा

सोलापुरात टॉवेल आणि चादरीला तोटा नाही, तरीही अनेक घरांत दोरीवरचा एकच टर्किश टॉवेल सगळ्यांच्या अंगाला लागतो. एमपॉक्स (पूर्वीचे नाव मंकीपॉक्स) या विषाणूजन्य आजाराच्या बाबतीत मला सर्वाधिक काळजी वाटते ती याच सवयीची. हा विषाणू पुरळाच्या थेट स्पर्शातून, शरीरसंबंधातून आणि रुग्णाच्या अगदी जवळ बराच वेळ राहिल्याने पसरतो. शिवाय फोडांतला स्राव आणि खपल्या कापडाला चिकटून राहतात व तेथूनही तो दुसऱ्याच्या अंगावर जाऊ शकतो. घरची मंडळी रुग्णाची चादर वेगळी ठेवतात खरी, पण धुण्याआधी सवयीने ती गच्चीवर जोरात झटकतात, आणि खपल्यांचे बारीक कण झटकणाऱ्याच्याच तोंडावर येतात. चादर न झटकता अलगद गुंडाळावी आणि हातमोजे व मास्क घालून गरम पाण्यात डिटर्जंटने धुवावी. शहराच्या पूर्व भागात एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या यंत्रमाग कामगारांनी तर प्रत्येकाचे अंथरूण-पांघरूण वेगळे ठेवावेच.

दुसरी चूक निदानाची. पुरळ दिसताच ‘कांजिण्या असतील’ म्हणून कडुलिंबाच्या पाल्यावर आठवडा काढला जातो. कांजिण्यांत जुने-नवे फोड एकाच जागी एकत्र दिसतात. एमपॉक्समध्ये एका भागातले फोड बहुधा एकाच अवस्थेत असतात, तळहात-तळपायांवरही येतात आणि मान, काख किंवा जांघेत गाठी सुजतात. तरीही नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही, फोडातल्या नमुन्याची पीसीआर (विषाणूचा अंश शोधणारी प्रयोगशाळेतली) तपासणी करावी लागते. गुप्तांगावरचा एखादाच फोड लाजेपोटी लपवणे ही यातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे, म्हणून सिव्हिलमध्ये किंवा आपल्या डॉक्टरांना तो दाखवावा आणि परदेश प्रवास व जवळचे संबंध यांची माहिती न संकोचता द्यावी.

ताप उतरला की कामावर परतणेही चूकच. सर्व खपल्या पडून खाली नवी त्वचा येईपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते चार आठवडे, रुग्णाने वेगळे राहावे. त्याच्या निकट संपर्कातल्यांनी २१ दिवस स्वतःवर लक्ष ठेवावे. लहान मुले, गर्भवती आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले यांना हा आजार गंभीर होऊ शकतो.

लसीबद्दल गैरसमज बरेच आहेत. कांजिण्यांची लस येथे उपयोगी नाही. देवीचा विषाणू एमपॉक्सच्या विषाणूच्या जवळचा असल्याने दंडावर देवीच्या लसीचा व्रण असलेल्या ज्येष्ठांना थोडे संरक्षण असू शकते, पण ते पुरेसे मानू नये. देवीचे जगातून उच्चाटन झाल्याचे १९८० मध्ये जाहीर झाले आणि त्यानंतर जन्मलेल्यांना ती लस मिळालेलीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये पूर्व-मान्यता दिलेली एमव्हीए-बीएन ही एमपॉक्सविरुद्धची लस २८ दिवसांच्या अंतराने दोन डोसांत देतात. तिच्यातला विषाणू माणसाच्या शरीरात वाढत नाही, त्यामुळे लसीने एमपॉक्स होत नाही. भारतात सर्वांसाठी तिची मोहीम नाही, म्हणून घाबरून शोधाशोध करण्याचे कारण नाही. मात्र साथ असलेल्या देशात कामाला जाणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पहिल्या डोसवर थांबू नये, कारण पूर्ण संरक्षण दुसऱ्या डोसनंतर सुमारे दोन आठवड्यांनी मिळते. रुग्णाशी संपर्क आल्यास लस शक्यतो चार दिवसांत घ्यावी लागते, त्यामुळे संपर्काची तारीख लिहून ठेवावी.