इन्शुलिनचा एमआरएनए हलत नाही म्हणून घाबरू नका

बीटा पेशींवर, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींवर, नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी लिहितेय. ग्लुकोकायनेज, केएटीपी चॅनेल, कॅल्शियम ही ग्लुकोजपासून इन्शुलिनच्या स्रावापर्यंतची साखळी तुमची पाठ असणार. पीडीएक्स-१, न्यूरोडी-१ आणि माफए ही प्रथिनं इन्शुलिन जीनच्या प्रमोटरवर (जीन चालू करणाऱ्या भागावर) बसतात, हेही.

अडायला होतं ते मोजताना. ग्लुकोज वाढवलं की इन्शुलिनचा स्राव मिनिटांत वाढतो. तासाभरात प्रोइन्शुलिनही (इन्शुलिनचं आधीचं रूप) जास्त बनायला लागतं, पण ते आधीच्याच एमआरएनएवरून, म्हणजे जीनच्या आरएनए प्रतीवरून. तोवर ट्रान्सक्रिप्शनही (जीनवरून नवा एमआरएनए बनणं) वाढलेलं असतं, आणि तरी एमआरएनए मोजणाऱ्या क्यूपीसीआरमध्ये इन्शुलिन जवळजवळ सपाट! कारण हा एमआरएनए फार टिकाऊ आणि पेशीत त्याचा साठा प्रचंड. भरलेल्या हौदात नळाची धार वाढली तर पातळीवरून काय कळणार? माझे इथे कित्येक महिने गेले. ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो.

म्हणून प्री-एमआरएनए मोजा, म्हणजे नुकताच बनलेला, इन्ट्रॉन (नंतर कापून टाकले जाणारे तुकडे) अजून आत असलेला आरएनए. त्यासाठी क्यूपीसीआरचे प्रायमर इन्ट्रॉनवर ठेवा. रॅटमध्ये इन्शुलिनचे दोन जीन असतात आणि पहिल्यात दुसरा इन्ट्रॉन नसतोच, तेव्हा दुसऱ्या जीनचा दुसरा इन्ट्रॉन धरा. नमुन्यातला डीएनए तोडणारं डीएनेज द्याच, आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेला कंट्रोलही लावा. इन्ट्रॉनचे प्रायमर जीनोमिक डीएनएही उचलतात, आणि मग फरक पुन्हा झाकला जातो.

सीनियरचा प्रोटोकॉल डोळे मिटून उचलू नका. साध्या आरपीएमआय-१६४० या पेशी वाढवण्याच्या मीडियममध्येच ११.१ मिलिमोलर ग्लुकोज असतं. त्यातल्या पेशी 'कमी ग्लुकोज'चा कंट्रोल होऊच शकत नाहीत. आधी त्यांना २-३ मिलिमोलरवर आणा, मग १६.७ द्या. ऑस्मोलॅरिटीसाठी मॅनिटॉलचा कंट्रोल ठेवा. तुलनेसाठीचा स्थिर जीन (रेफरन्स) म्हणून जीएपीडीएच नकोच, तो ग्लायकोलिसिसचाच, म्हणजे ग्लुकोज तोडण्याच्या वाटेवरचाच जीन आहे. आणि क्यूपीसीआरचे कच्चे सीटी आकडे न बघता नुसतं "पुन्हा कर" म्हणणाऱ्या गाइडसमोर ते आकडे स्वतःहून ठेवा. तेवढा हक्क तुमचा आहे.

टीएक्सएनआयपी हा जीन सोबत मोजाच. सीएचआरईबीपी या ग्लुकोजला प्रतिसाद देणाऱ्या प्रथिनामुळे तो ग्लुकोजवर काही तासांत ठळक वाढतो. तोही वाढला नाही तर गडबड पेशींत किंवा मीडियममध्ये आहे. तो वाढला आणि इन्शुलिन सपाट राहिलं, तर तुमचे हात व्यवस्थित चाललेत. मात्र सलग कित्येक दिवस जास्त ग्लुकोजमध्ये पेशी ठेवू नका. पीडीएक्स-१ आणि माफए घटतात आणि उत्तर उलटं येतं.

पहिल्या फेरीत काही दिसलं नाही म्हणून प्रोजेक्ट बदलायला धावू नका. उरलेला आरएनए उणे ८० ला जपून ठेवा. डीएनेज देऊन त्याच नमुन्यांवर इन्ट्रॉनचे प्रायमर चालवता येतात.