पुसली तरी परत येणारी बुरशी
भिंतीवरची बुरशी घासून काढली आणि थोड्याच दिवसांत त्याच कोपऱ्यात पुन्हा काळे ठिपके दिसले, तर दोष घासण्यात नाही, ओलीत आहे. बुरशीचे बीजाणू हवेत असतातच. ओल मिळाली की रुजतात. त्यामुळे कुठे गळती असेल तर ती आधी बंद करा.

मग एक साधा हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र, आणा. खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, जमल्यास ५० च्या आसपास हवी. बाहेरची हवा आतल्यापेक्षा दमट असेल, तर खिडकी उघडून उलट ओलच आत येते. अशा वेळी खिडक्या बंद ठेवून डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) किंवा एसीचा ड्राय मोड लावावा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. बुरशी हमखास तिथेच, मागे लपलेली सापडते.

टाइल्सना साबणाचं पाणी आणि ब्रश पुरतो. मास्क मात्र लावाच, आणि कोरडी बुरशी झाडू नका. ब्लीच वापरलंच तर त्यात व्हिनेगर किंवा अमोनिया असलेलं क्लीनर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. बुरशीवरूनच रंग मारला, तर तो पोपडे धरून सुटण्याची शक्यता असते.